पंखा फुंकतो, तापमान कोण राखते?

इस्त्री तापली की तिचा दिवा विझतो आणि थोडी निवली की पुन्हा लागतो. प्रत्याभरण म्हणजे काय हे शिकवताना आपण बहुतेक सगळे हेच उदाहरण देतो. परिणामाची खबर कारणाकडे परत पोचवायची आणि त्या खबरेनुसार कारण कमी-जास्त करायचे, एवढी ही कल्पना आहे. इस्त्रीच्या उदाहरणात काही चूक नाही, पण ते फार आज्ञाधारक आहे. वीज तोडली की उष्णता येणे त्या क्षणी थांबते. त्यामुळे विद्यार्थ्याचा असा समज होतो की नियंत्रक बसवला म्हणजे तापमान ताब्यात आले. हा समज किती अपुरा आहे, हे दाखवणारे एक कमी आज्ञाधारक उदाहरण आम्हाला मिळाले आहे. या लेखात त्याचेच परीक्षण करायचे आहे.

उदाहरण अमेरिकेतल्या परसदारचे आहे. तेथे लोणारी कोळशावर मांस भाजण्यासाठी ‘केटल ग्रिल’ नावाची गोल, झाकणाची भट्टी वापरतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या भट्टीला एक छोटा पंखा, एक तापमान-संवेदक आणि एक नियंत्रक पेटी जोडण्याची पद्धत बरीच रूढ झाली आहे. हवे ते तापमान पेटीवर लावायचे, की बाकीचे पंखा पाहून घेतो, असे सांगितले जाते. तापमान लावा आणि खुशाल झोपा, असा अशा वस्तूंच्या जाहिरातींचा सूर असतो. पंखा काम करत नाही असे आमचे म्हणणे नाही. तो चांगले काम करतो. पण तो का काम करतो आणि केव्हा करत नाही, याचे जे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते ते निम्मेच खरे आहे, आणि उरलेले निम्मे जास्त शिकवणारे आहे.

केटलची रचना

१९५२ साली शिकागो परिसरातल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात जॉर्ज स्टीफन काम करत होते. उघड्या शेगडीवर भाजताना वारा आणि पाऊस त्यांना सतावत असत. कारखान्यात पाण्यावर तरंगत ठेवायचे धातूचे गोल बोये तयार होत. अशा गोलाचा खालचा अर्धा भाग भांडे म्हणून आणि वरचा अर्धा भाग झाकण म्हणून वापरून त्यांनी आपली भट्टी तयार केली. आजही केटलचा आकार जवळजवळ तोच आहे. व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर, पोलादी पत्रा आणि त्यावर मिन्याचा मुलामा. बुडाशी हवा आत येण्यासाठी झरोके आणि झाकणावर धूर बाहेर जाण्यासाठी एक झरोका असतो. दोन्हीकडे सरकत्या झडपा असतात.

या झडपा म्हणजे आपल्या शेगडीचे खालचे दारच समजा. दार उघडले की निखारे फुलतात, लोटले की मंदावतात. अमेरिकी पद्धतीच्या संथ भाजणीत मांसाचा मोठा तुकडा सुमारे ११० अंश सेल्सियस तापमानात दहा-बारा तास ठेवतात. एवढ्या वेळात मांसातले चिवट कोलॅजन विरघळून त्याचे मऊ जिलेटिन होते. म्हणजे दहा-बारा तास कोणीतरी झडपांवर लक्ष ठेवायला हवे. त्या राखणदाराची जागा पंख्याने घ्यावी अशी अपेक्षा आहे.

जोडणी अशी करतात. बुडाच्या झरोक्यांपैकी एकात नळी बसवून तिला पंखा लावायचा आणि उरलेले झरोके बंद करायचे. झाकणाचा झरोका किंचित उघडा ठेवायचा. संवेदक मांसाशेजारी जाळीवर चिमट्याने अडकवायचा. तापमान ठरवलेल्यापेक्षा कमी झाले की नियंत्रक पंखा चालवतो, जास्त झाले की बंद करतो. लोहाराचा भाता आणि तो चालवणारा एक दक्ष पोऱ्या, दोघेही एका पेटीत आले असे म्हणता येईल.

हवेचा हिशेब

आता आपण थोडा हिशेब करू. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनाही तो जमेल.

५७ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा पृष्ठभाग सुमारे १ चौरस मीटर भरतो. आत ११० अंश आणि बाहेर २५ अंश असताना, वारा नसेल, तर एवढ्या पत्र्यातून जाणारी उष्णता ढोबळमानाने एक किलोवॉटच्या आसपास येते. म्हणजे एवढी मोठी भट्टी ११० अंशांवर राखायला घरच्या साध्या इस्त्रीइतकीच शक्ती पुरते.

१२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला की सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. एक किलोवॉट म्हणजे तासाला ३६०० किलोज्यूल. त्यासाठी तासाला सुमारे ११० ग्रॅम कार्बन जळायला हवा. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणून ११० ग्रॅमला सुमारे २९३ ग्रॅम लागेल. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. तेव्हा हवा लागेल सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे तासाला एक घनमीटरपेक्षा किंचित जास्त. मिनिटाला हे प्रमाण फक्त १८ लिटर होते.

अशा कामासाठी विकल्या जाणाऱ्या पंख्यांमध्ये मिनिटाला १० घनफूट हवा देणारा पंखा सर्रास आढळतो. १० घनफूट म्हणजे २८० लिटर! नळी, कोळसा आणि राख यांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात हवा कमी जाईल आणि आत गेलेला सगळा ऑक्सिजन वापरलाही जाणार नाही, हे खरे. तरीही गरजेच्या कितीतरी पट ताकद हाताशी आहे. म्हणूनच पंखा बहुतेक वेळ थांबलेला असतो आणि मधूनमधून थोडासा फिरतो. मोठा पंखा घेतला तर नियंत्रण अधिक चांगले होईल, हा समज येथेच गळून पडतो. मोठा पंखा फार तर राख उडवून मांसावर बसवील.

तीन चौरस सेंटिमीटरची फट

आता खरा प्रश्न. तापमान वाढले की पंखा थांबतो, म्हणून तापमान उतरते, असे स्पष्टीकरण दिले जाते. पण पंखा थांबला म्हणजे हवा थांबली का?

केटलच्या आतली हवा गरम आणि म्हणून हलकी असते. ती वरच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि खालून गार हवा ओढली जाते. चुलीच्या धुराड्याचे हेच तत्त्व. केटलची उंची धुराड्याच्या मानाने अगदी कमी असली तरी ११० अंश तापमानाला जो ओढा तयार होतो त्याने फटीतून सेकंदाला एक मीटरच्या आसपास वेगाने हवा आत येऊ शकते. मिनिटाला १८ लिटर म्हणजे सेकंदाला ३०० घनसेंटिमीटर. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे तीन चौरस सेंटिमीटर.

म्हणजे बुडाच्या बाजूला दोन सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद एवढी फट असली आणि तिच्यातून येणारी हवा कोळशातून गेली, तर पंखा मुळीच न चालता भट्टी ११० अंशांवर राहील. फट त्याहून मोठी असली तर तापमान ११० च्या वर जाईल आणि नियंत्रकाला त्याबाबत काहीही करता येणार नाही. पेटीवर पंखा शून्य टक्के असे दिसत राहील आणि तापमान चढत राहील.

केटलला अशा फटी असतात. झाकण भांड्याच्या काठावर नुसते टेकते, मध्ये रबर किंवा वादी नसते. बुडाच्या सरकत्या झडपा पत्र्याला घट्ट चिकटत नाहीत. याउलट जपानी परंपरेतून आलेल्या ‘कमाडो’ नावाच्या जाड मातीच्या भट्ट्यांचे झाकण वादीवर घट्ट बसते. तोच पंखा आणि तीच पेटी कमाडोवर सहज काम करते आणि केटलवर हट्ट करते, याचे कारण इलेक्ट्रॉनिक्समध्ये नसून झाकणाच्या काठात आहे.

आमची पहिली टीका ही आहे. या यंत्रणेत पंख्याला एकाच दिशेने ढकलता येते. तो आग वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. कमी करण्याचे काम भट्टीचा बंदिस्तपणा करतो. भट्टी हवेसाठी उपाशी असेल तरच पंख्याच्या हातात घास भरवण्याचे सामर्थ्य येते. म्हणून केटलला पंखा जोडणाऱ्याने अर्धा दिवस पेटीची बटणे अभ्यासण्यापेक्षा फटी बुजवण्यात घालवावा. परीक्षा सोपी आहे. भट्टी तापवून पंखा बंद ठेवावा. तापमान हळूहळू ठरवलेल्या आकड्याच्या खाली उतरले तरच ती नियंत्रणायोग्य आहे.

चारशे वर्षांपूर्वीचा नियंत्रक

गंमत अशी की कोळशाच्या भट्टीची हवा आपोआप राखण्याची युक्ती जुनी आहे. कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) या डच संशोधकाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये अशी भट्टी तयार केली. तिच्यात अल्कोहोल भरलेले काचपात्र असे. भट्टी तापली की अल्कोहोल प्रसरण पावून नळीतला पारा वर ढकली, पाऱ्यावर तरंगणारी काडी वर सरके आणि तिला जोडलेली झडप हवेची वाट अरुंद करी. भट्टी निवली की याच्या उलट. अंडी उबवण्यासाठीही त्याने हेच तत्त्व वापरले. वॉटने वाफेच्या इंजिनाला गतिनियामक बसवला तो १७८८ साली, म्हणजे बऱ्याच नंतर. प्रत्याभरणाच्या इतिहासात ड्रेबेलची भट्टी अगदी आरंभीच्या यंत्रांत गणली जाते.

ड्रेबेलच्या रचनेत एक गोष्ट आजच्या पंख्यापेक्षा सरस होती. त्याची झडप निसर्गाच्या ओढ्यालाच हात घालत असे. ती हवा वाढवू शके आणि कमीही करू शके. आजचा पंखा हवेत भर घालतो, पण तो थांबल्यावर फटीतून येणारी हवा त्याला दिसत नाही. काही नव्या उपकरणांत पंख्याबरोबर मोटरने बंद होणारी झडपही देतात. आमच्या मते ती सुधारणा आकर्षक पडद्यापेक्षा आणि रंगीत आलेखापेक्षा मोलाची आहे.

निखारा लगेच ऐकत नाही

इस्त्री आणि निखारा यांतला दुसरा फरक वेळेचा आहे. पंखा सुरू झाल्यावर आधी निखारा फुलतो, मग शेजारचा कोळसा पेटतो, मग आतली हवा आणि पत्रा तापतो आणि शेवटी संवेदकाला खबर लागते. यात मिनिटे जातात. तोवर पंखा फुंकतच असतो. खबर पोचून पंखा थांबला तरी पेटलेला कोळसा विझत नाही. त्यामुळे तापमान ठरवलेल्या आकड्यावरून उडी मारून पुढे जाते.

यावर उपाय म्हणून चांगले नियंत्रक तीन गोष्टी पाहतात. आत्ता तूट किती आहे, आतापर्यंत साचलेली तूट किती आहे आणि तूट कोणत्या वेगाने बदलते आहे. या तिघांची बेरीज करून पंखा किती चालवायचा ते ठरते. यालाच पीआयडी नियंत्रण म्हणतात. जहाजाचा कुशल सुकाणूधारी नेमके काय करतो याचा विचार करून निकोलस मिनोर्स्की याने १९२२ साली त्याचे गणित मांडले. सुकाणूधारी जहाज वळून होईपर्यंत थांबत नाही, वळू लागताच चाक परत फिरवू लागतो. तसेच तापमान वेगाने चढू लागले की आकडा गाठण्याआधीच पंखा मंदावतो.

पण गणिताला पेटलेला कोळसा विझवता येत नाही. म्हणून अनुभवी लोक सगळा कोळसा आधी पेटवत नाहीत. न पेटलेल्या कोळशाच्या राशीवर मोजकेच निखारे ठेवतात आणि ठरवलेल्या तापमानाकडे खालून जातात. हे पेटीचे यश नसून माणसाच्या मांडणीचे यश आहे.

खबर खरी, अर्थ चुकीचा

आमचा तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. नियंत्रक एक गोष्ट गृहीत धरतो: हवा वाढली की तापमान वाढते. बहुतेक वेळ हे खरे असते, पण नेहमी नाही.

झाकण उघडले असे समजा. गरम हवा निघून जाते आणि संवेदक एकदम गार पडतो. नियंत्रकाला वाटते आग मंदावली आणि तो पंखा जोरात लावतो. प्रत्यक्षात उघड्या झाकणामुळे निखाऱ्यांना भरपूर हवा मिळून आग उलट भडकत असते. झाकण परत ठेवल्यावर तापमान किती चढेल याचा अंदाज करा. काही नियंत्रकांत तापमान अचानक पडले तर पंखा काही मिनिटे थांबवण्याची सोय असते. ती नसेल तर झाकण उघडण्याआधी पंखा हाताने बंद करणे हाच उपाय.

कोळसा संपत आला तर घोटाळा आणखी वाढतो. तापमान उतरू लागते, पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतो, पण जाळायला काही उरलेले नसते. आता पंखा आत ढकलत असतो ती नुसती गार हवा. आग वाढवणारे साधन आता भट्टी निववणारे झाले आहे आणि नियंत्रकाला त्याची कल्पना नाही. तो जितका प्रयत्न करील तितके नुकसान. म्हणून पंखा बराच वेळ शंभर टक्क्यांवर दिसला तर त्याचा अर्थ यंत्र जोमाने काम करते आहे असा नसून मदतीला या असा आहे.

संवेदकाची जागाही अशीच फसवते. तो थंडगार मांसाला चिकटून असेल तर आकडा कमी दाखवील, निखाऱ्यांच्या थेट वर असेल तर जास्त. नियंत्रक भट्टीचे तापमान राखत नाही, संवेदकाच्या टोकाचे राखतो.

‘खुशाल झोपा’ या सल्ल्याबाबत

हा प्रश्न फक्त चवीचा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मार्गदर्शनानुसार सुमारे ४ ते ६० अंश सेल्सियस हा अन्नातल्या जीवाणूंच्या वाढीचा धोकादायक पट्टा आहे. मध्यरात्री कोळसा संपला किंवा विजेची तार निसटली, तर मांस त्या पट्ट्यात तासन्‌तास पडून राहू शकते. सकाळी त्याचा वासही कदाचित शंका येऊ देणार नाही. म्हणून तापमान ठरावीक आकड्याखाली गेले तर मोठ्याने वाजणारी घंटा हे या यंत्राचे चैनीचे अंग नसून आवश्यक अंग आहे. ती नसलेल्या पेटीला ‘स्वयंचलित’ म्हणणे आम्हाला मान्य नाही.

दुसरा धोका वायूचा. हवेसाठी उपाशी ठेवलेला कोळसा पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अमेरिकेत कोळशाच्या पिशवीवर त्याचा इशारा छापणे नियमाने बंधनकारक आहे. नियंत्रक लावल्याने आग लहान आणि सौम्य दिसते आणि भट्टी व्हरांड्यात किंवा मोटारीच्या खोलीत नेण्याचा मोह होतो. ती उघड्यावरच हवी. आपल्याकडे थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

वर्गात काय करता येईल?

यासाठी केटल नको, पंखा नको आणि कोळसा तर नकोच. २०० मिलिलिटर पाणी घेतलेले चंचुपात्र, तिवई, जाळी, स्पिरिटचा दिवा, तापमापी आणि घड्याळ पुरे. दिवा हलवण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे किंवा स्वतःच्या देखरेखीखाली करवून घ्यावे.

एका विद्यार्थ्याने तापमान वाचायचे, दुसऱ्याने ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असे सांगायचे. पाणी ६० अंशांवर वीस मिनिटे राखायचे आहे. दर अर्ध्या मिनिटाचे तापमान फळ्यावर आलेखात मांडावे.

दुसऱ्या फेरीत वाचलेला आकडा एक मिनिट उशिराने सांगावा. आलेखातले चढउतार किती वाढतात ते विद्यार्थ्यांनाच पाहू द्यावे.

तिसऱ्या फेरीत चंचुपात्रावर झाकण ठेवावे. पाणी आता सावकाश निवेल. एकदा ६० च्या वर गेलेले तापमान खाली यायला किती वेळ लागतो ते मोजावे आणि मग विचारावे: दिव्याला पाणी तापवता येते, निववता येते का? मग निववण्याचे काम कोण करत होते?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या विद्यार्थ्याने स्वतः शोधले, त्याला प्रत्याभरणाच्या व्याख्येपेक्षा अधिक काही मिळाले असे आम्ही समजू. कोणतेही स्वयंचलित यंत्र समोर आले तर त्याने तीन गोष्टी विचाराव्यात. हे यंत्र कोणत्या दिशेने ढकलू शकते? त्याला खबर किती उशिरा आणि कोठून मिळते? आणि ज्या गृहीतावर ते चालते ते केव्हा खोटे ठरते?

केटलच्या पंख्याला हे तीन प्रश्न विचारले की आमचा निर्णय असा होतो. फटी बुजवलेल्या भट्टीवर, भरपूर कोळशाच्या राशीवर आणि वाजत्या घंटेसह तो उपयोगी आहे, रात्रभराची बरीच धावपळ वाचवतो. गळक्या भट्टीवर तो फक्त फुंकतो. दोन्हीकडे पेटी तीच असते. फरक असतो तो तीन चौरस सेंटिमीटरचा.